सुट्टी मिळाली, दुखणं परत आलं

अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, खाटांवर ताण आहेच. त्यात घरी गेलेला रुग्ण पंधरवड्यात त्याच दुखण्यानं परत आला, की घरच्यांची मजुरी बुडते आणि दुसऱ्या रुग्णाची खाट जाते. या फेऱ्या कमी करायला अनेक देशांतली रुग्णालयं ‘लीन’ पद्धत वापरतात. तिच्याविषयीचे काही गैरसमज असे.

गैरसमज : लीन म्हणजे कर्मचारीकपात.
वस्तुस्थिती : टोयोटाच्या कारखान्यात तायीची ओनो यांनी घडवलेल्या या पद्धतीत कात्री लागते ती ताटकळणं, हेलपाटे आणि तेच काम दोनदा करणं यांना. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयानं ती २००२ मध्ये स्वीकारली. औषध शोधण्यात जाणारा सिस्टरांचा वेळ वाचला, तर तो नातेवाइकांना गोळ्या समजावायला मिळतो.

गैरसमज : रुग्ण परतला, म्हणजे डॉक्टर चुकले किंवा घरच्यांनी हयगय केली.
वस्तुस्थिती : काही आजार उलटतातच. लीन माणसाला धारेवर धरण्याआधी कामाची साखळी तपासते. सुट्टीचा कागद कोणी वाचून दाखवला? गोळ्या किती दिवसांच्या दिल्या? गावच्या आरोग्य केंद्राला कळवलं का? बोस्टनमध्ये सुट्टी देण्याची रीतच नव्यानं आखली गेली. ७४९ रुग्णांच्या त्या अभ्यासात ३० दिवसांच्या आत रुग्णालयात परतण्याचं प्रमाण, तातडीच्या विभागातल्या फेऱ्या धरून, सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळलं (२००९).

गैरसमज : हे आपल्याकडे जमायचं नाही.
वस्तुस्थिती : सांगाडा तयार आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेल्या कुपोषित मुलाच्याही पंधरा-पंधरा दिवसांनी तपासण्या ठरलेल्या असतात. पण मेळघाटातली कुटुंबं कामासाठी बाहेरगावी जातात. म्हणून पुढची तारीख आईला विचारूनच ठरवावी आणि सुट्टीआधीच आशाताईंना फोन जावा.

गैरसमज : आकडा घटला, की काम फत्ते.
वस्तुस्थिती : अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून जादा पुनर्प्रवेशांबद्दल रुग्णालयांचे पैसे कापले जातात. त्यानंतर काही अभ्यासांत हृदय निकामी झालेल्या रुग्णांचे मृत्यू वाढलेले दिसले. त्यावर वाद आहे. आपल्याकडे मेळघाटातलं धारणी तर अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटर. तिथलं मूल परत आलं नाही, ते बरं झालं म्हणून की गाडीभाडं नव्हतं म्हणून? त्यासाठी रजिस्टरात आणखी एक रकाना हवा : ठरल्या तारखेला प्रत्यक्ष तपासले किती?