बारा तासांची टोपी

क्रोशाचे काम ज्या घरात नाही असे घर आपल्यात सापडणे कठीण. मुलांच्या डोक्यावरची जाळीची टोपी, कुरआन शरीफच्या जुजदानाची किनार, ओढणीची झालर, पाण्याच्या भांड्यावर टाकायची मण्यांची जाळी, या वस्तू बहुतेक वेळा अम्मी, खाला किंवा फुफीच्या हातच्या असतात. त्यांचे कौतुक होते, पण त्यांना किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही. ‘रिकाम्या वेळेत करते’ एवढे म्हणून विषय संपतो. हा रिकामा वेळ खरोखर रिकामा असतो का, याचा हिशोब आज आम्हाला मांडायचा आहे.

आम्ही बहिणी दोंडाईच्यात वाढलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पाऊल टाकणे अशक्य, तेव्हा खालाजान आम्हाला ओळीने बसवून हातात आकड्याची सुई देत. पहिले आठ दिवस फक्त साखळी. साखळी एकसारखी आली की मुका खांब, मग अर्धा खांब, मग पूर्ण खांब. हात सैल पडला की त्या न बोलता दोरा ओढत आणि तासाभराचे काम क्षणात उसवे. पुढे कशिदा आला, मण्यांचे काम आले, जुन्या सुती कपड्यांची गोधडी शिवणे आले. नंतर शिक्षण, नोकरी, संसार यांत सुई पेटीच्या तळाशी गेली. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ती पुन्हा बाहेर निघाली आणि तेव्हापासून हातात आहे.

टोपीतले गणित

टोपी मधोमध सुरू होते. छोट्या गोलात १२ खांब घालायचे. पुढच्या फेरीत २४, त्यापुढे ३६, मग ४८. म्हणजे बाराचा पाढा! प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवले की चकती सपाट राहते. कमी वाढवले तर वाटीसारखी वळते, जास्त वाढवले तर झालरीसारखी लहरते. डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर असेल तर चकती साधारण १७ सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणे थांबवायचे. मग कड आपोआप खाली वळते आणि टोपी आकार घेते. परिघ आणि व्यास यांचे नाते जी मुलगी फळ्यावर पाहून गोंधळते, तिला ते टोपी विणताना चटकन कळते, हा आमचा शाळेतला अनुभव आहे.

हे काम यंत्राचे नाही. स्वेटरचे विणकाम यंत्रावर होते, कारण त्यात टाक्यांची ओळ एकदम पुढे सरकते. क्रोशात एकेक टाका पूर्ण करूनच पुढचा घ्यावा लागतो. बाजारातली यंत्राची जाळीदार किनार क्रोशासारखी दिसते, पण ती वेगळ्या प्रकारची वीण असते.

सात रुपयेसुद्धा नाही

बारीक दोऱ्याची एक दाट टोपी विणायला आमच्या हाताला बारा तास लागतात. दोरा ४० रुपयांचा. गेल्या वर्षी ओळखीच्या एका बाईंनी १२० रुपये देऊ केले आणि वर म्हणाल्या, “रिकाम्या वेळेत तर करता!” दोरा वजा जाता उरले ८० रुपये. बारा तासांनी भागले तर ताशी सात रुपयेसुद्धा पडत नाहीत.

आपल्या दोंडाईच्यात मिरचीचा मोठा बाजार आहे. मिरचीची देठे खुडणाऱ्या बायकांचे हात दिवसभर जळतात. मजुरी पुरेशी नसते हे खरे, पण तिथे निदान दर ठरलेला असतो. टोपीला तो कधी ठरलाच नाही, कारण ती घरात, चूल आणि मुले सांभाळून होते.

आंध्र प्रदेशातील नरसापूरची गोष्ट याच प्रकारची आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस परदेशांत जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून १९८२ साली पुस्तक लिहिले. घराबाहेर न पडणे जिथे प्रतिष्ठेचे मानले जाई, अशा घरांतल्या बायका तासन्‌तास लेस विणत होत्या. तरी त्यांना कामगार नव्हे, तर फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी समजले जाई. म्हणून मोबदला नाममात्र आणि नफा व्यापाऱ्यांचा. २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. कलेचे नाव झाले ही चांगलीच गोष्ट, पण विणणाऱ्या हाताला काय मिळते हा प्रश्न मानांकनाने आपोआप सुटत नाही.

याच सुईने माणसे जगलीही आहेत. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला आणि त्या लेसच्या विक्रीवर कित्येक घरांची चूल पेटली.

हाताची कमाई

आपल्या दीनमध्ये हाताच्या कामाला मोठा मान आहे. स्वतःच्या हाताच्या कमाईहून उत्तम अन्न नाही आणि हजरत दाऊद (अ.) आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे बुखारी शरीफमध्ये आले आहे. त्याच संग्रहातील हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्या हदीसनुसार, एका बाईने स्वतःच्या हाताने विणलेली किनारीची चादर हुजूर (स.) यांना आणून दिली आणि त्यांनी ती स्वीकारून वापरली. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) हाताने काम करत आणि आलेले सदका करत. हुजूर (स.) यांनी ‘लांब हात’ म्हटले होते ते त्यांच्याच दानशूर हाताविषयी, हे इतर उम्महातुल मोमिनीनना त्यांच्या वफातनंतर उमगले.

सूरह नहलमध्ये पक्की शपथ मोडणाऱ्याला मजबूत सूत कातून पुन्हा ते तोडून टाकणाऱ्या बाईची उपमा दिली आहे. ज्या हाताने दोरा धरला आहे त्याला ती लगेच समजते. बारा तासांची वीण उसवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

बहिणींना दोन शब्द

पहिली गोष्ट, भेट द्यायची तर हिशोब न करता द्या. भाच्याची टोपी, नव्या नवरीची ओढणी, गरजूसाठी गोधडी यांचा मोबदला अल्लाहकडे आहे. चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातील बायकांनी २०१६ साली ११,१४८ चौरस मीटरचे पांघरूण विणून गिनीज विक्रम केला आणि नंतर त्याची पांघरुणे गरजूंना वाटली. छंद असाही सदका होतो.

दुसरी गोष्ट, विकायचे तर हिशोब करूनच विका. गावात एका दिवसाच्या मजुरीचा जो दर असेल त्याला आठने भागा, लागलेल्या तासांनी गुणा आणि दोऱ्याची किंमत मिळवा. ही किंमत सांगताना लाजू नका. गिऱ्हाईक जास्त म्हणाले तर तास मोजून दाखवा.

आणि घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. जुम्म्याला टोपी डोक्यावर ठेवताना ती कुणी विणली हे आठवा, तिच्यासाठी दुआ करा आणि ती दोरा मागेल तेव्हा “पुन्हा कशाला?” असे विचारू नका.