सर्वांत शेवटून, सर्वांत पुढे
मार्कुस विंकेलहॉक फॉर्म्युला वनमध्ये एकच शर्यत धावला आणि तिच्यात सहा फेऱ्या सर्वांच्या पुढे राहिला. 22 जुलै 2007, जर्मनीतलं न्यूरबुर्गरिंग, युरोपियन ग्रां प्री. तिचं चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहतो.

क्रिस्टियान आल्बर्सला स्पायकर संघाने नुकतंच काढलं होतं, म्हणून चाचणीचालक विंकेलहॉकला गाडी मिळाली. गाडी मंद, पात्रता फेरीत 22वा क्रमांक. तिथून आणखी मागे कुठे जाणार? ढग दाटलेले पाहून तांत्रिक प्रमुख माइक गॅस्कॉइन यांनी त्याला सुरुवातीच्या रांगेऐवजी पिटमध्ये बोलावलं आणि पावसाचे टायर चढवले. त्या काळी कोरड्या ट्रॅकच्या टायरवरही नियमानुसार चार सरळ खाचा असत, पण त्या रबराची पकड कमी करून वेग आवरण्यासाठी होत्या. पावसाळी टायरच्या आडव्यातिडव्या खाचा पाणी बाजूला फेकतात. तसं झालं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

पहिल्याच फेरीत सर कोसळली. सगळे टायर बदलायला पिटकडे वळले. किमी रायकोनेन वळतावळता घसरला, पिटचं तोंड चुकलं आणि कोरड्याच टायरवर पुढे निघाला. विंकेलहॉकने त्याला गाठलं, मागे टाकलं. आघाडी अर्ध्या मिनिटाहून जास्त झाली.

याला लोक नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या वळणावर पाण्याचा लोंढा वाहत होता, आणि टायर बदलून आलेले जेन्सन बटन, लुईस हॅमिल्टनही तिथूनच खडीत गेले. हॅमिल्टनची गाडी तर क्रेनने उचलून ट्रॅकवर ठेवावी लागली. त्याच पाण्यातून पहिलीच शर्यत धावणारा माणूस गाडी सरळ ठेवून निघाला. टायर संघाने दिले, पण ब्रेक आधी कुठे सोडायचा, पेडल किती हलकं दाबायचं, हे पाय त्याचेच ठरवत होते.

लाल झेंड्याने शर्यत थांबली. नव्याने रांग लागली तेव्हा शेवटून निघालेला विंकेलहॉक पहिला उभा होता. संघाने पुन्हा मुसळधार पावसावर पैज लावली. या वेळी मात्र ट्रॅक वाळत गेला, गाड्या भराभर पुढे निघाल्या आणि थोड्याच वेळात बिघाडाने तो बाद झाला. पुढच्या हंगेरीच्या शर्यतीत त्याच्या जागी साकोन यामामोतो होता.

तो संघ पुढच्या वर्षी विजय मल्ल्यांच्या मालकीत फोर्स इंडिया म्हणून उतरला. विंकेलहॉक जीटी गाड्यांकडे वळला आणि न्यूरबुर्गरिंगची 24 तासांची शर्यत त्याने 2012, 2014 आणि 2017 मध्ये जिंकली.