पोर्शिया, नीरो आणि पाच घरांचं पोहरादेवी

'पोहरादेवी' शब्दकोड्यात बसवायचं तर पाच घरं लागतात : पो, ह, रा, दे, वी. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा इथे भरते. त्यामुळे आडव्या शब्दाचं शोधसूत्र लिहायला फार डोकं चालवावं लागत नाही : 'बंजारा समाजाची काशी'. पेच पुढे सुरू होतो. 'पो'पासून खाली उतरणारा शब्द हवा. पोपट, पोवाडा ही नेहमीची मंडळी तयारच असतात. पण तिथे 'पोर्शिया' बसवली, तर आडव्या ओळीत वऱ्हाड आणि उभ्या रांगेत प्राचीन रोम!

आणि ती बसते. पो, र्शि, या अशी तीन घरं. 'रा'खाली राजीव उतरवायचा, 'वी'खाली वीणा. मग तिसऱ्या ओळीचं पहिलं घर 'या' आणि तिसरं 'व' असं ठरून जातं. या दोन अक्षरांना सांधणारा चार घरांचा शब्द कोणता? याज्ञवल्क्य. मधल्या ओळीतलं दुसरं आणि चौथं घर काळं करायचं, तिसऱ्या ओळीतलं शेवटचं काळं करायचं, की पाच बाय तीनचा तुकडा पुरा होतो. 'मैत्रेयीचा पती' आणि 'ब्रूटसची पत्नी' एकाच अक्षरात हात मिळवतात. कोडं रचणाऱ्याला सगळ्यात मोठा आनंद मिळतो तो अशाच जागी.

यात काळी घरं मनाला येईल तिथे पडलेली नाहीत. मराठी कोड्यात एका घरात एक सुटा वर्ण मावत नाही, तर काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट पुरं अक्षर मावतं. 'र्शि'ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. 'मार्गदर्शिका' किंवा 'पारदर्शिता' डावीकडून आणता आली असती, पण पोर्शिया चौकटीच्या डाव्या कडेलाच उभी आहे. म्हणून तिच्या पोटाशी काळं घर येणं भागच होतं. इंग्रजी कोड्यात ही अडचण नाही, कारण तिथे प्रत्येक घरात एकच वर्ण. तिथे रोमन सम्राट नीरो चार घरांचा होतो, एकाआड एक स्वर-व्यंजन असलेला, म्हणून कुठेही सहज बसतो आणि पुन्हा पुन्हा भेटतो. मराठीत तो दोनच घरांत संपतो. केटोही दोन घरांचा. सीझर आणि ब्रूटस तीन, ऑगस्टस आणि क्लिओपात्रा चार.

त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा काटा आहे. एकाने 'नीरो' लिहिलं, दुसऱ्याने 'निरो'. पहिल्या घरातून 'नीलम' खाली आणायची असेल तर पहिलं रूप हवं, 'निवडुंग' आणायचा असेल तर दुसरं. परक्या नावांचं लेखन मराठीत एकसारखं स्थिरावलेलं नाही. ज्याला रोमन सम्राट नीट माहीत आहे, तोही एका वेलांटीपायी अडकू शकतो. म्हणून अशा नावाला छेदणारे उभे शब्द अगदी सोपे ठेवणं, हे कोडं रचणाऱ्याचं सोडवणाऱ्याशी असलेलं इमान आहे.

सूत्राचं काम याहून अवघड. पोर्शियाचंच घ्या. शेक्सपिअर वाचलेल्या माणसाच्या मनात या नावासरशी शायलॉकला भर न्यायालयात निरुत्तर करणारी 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली नायिका येते. खरी रोमन पोर्शिया निराळी. ती केटोची मुलगी आणि ब्रूटसची बायको. प्लूटार्कने तिची हकिकत लिहून ठेवली आहे. नवरा कसल्या तरी कटात गुंतला आहे हे तिने ओळखलं. गुपित पोटात ठेवण्याची आपली ताकद सिद्ध करण्यासाठी तिने सुरीने स्वतःच्या मांडीवर खोल वार करून घेतला, त्या वेदना आणि ताप सोसला आणि मगच नवऱ्याला विचारलं. पुढे इसवी सनपूर्व ४४ मध्ये १५ मार्चला सीझरचा खून झाला. 'ब्रूटसची पत्नी' हे सूत्र चूक नाही, पण 'गुपित राखण्यासाठी स्वतःवर वार करणारी रोमन स्त्री' असं लिहिलं तर त्या बाईला न्याय मिळतो.

नीरोच्या वाट्याला असा न्याय फारसा आलेला नाही. त्याचं ठरलेलं सूत्र म्हणजे रोम जळत असताना फिडल वाजवणारा सम्राट. मराठी भाषणं आणि अग्रलेखसुद्धा याच वाक्यावर त्याला ओळखतात. आग खरी होती. इसवी सन ६४ च्या जुलैत सर्कस मॅक्सिमसजवळच्या दुकानांत ती लागली, सहा दिवस धुमसली आणि विझतेय म्हणेपर्यंत पुन्हा भडकली. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे शहराच्या चौदा विभागांपैकी चारच शाबूत राहिले. पण तोच टॅसिटस सांगतो, की आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता. तो परतला, बेघर लोकांसाठी त्याने आपल्या बागा खुल्या केल्या, धान्याचा भाव उतरवला. जळत्या रोमकडे पाहून तो ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गायला, हे टॅसिटस अफवा म्हणून नोंदवतो. आणि फिडल तर तेव्हा जन्मालाच आलेलं नव्हतं. नीरो वाजवायचा ते तारांचं किथारा नावाचं वाद्य.

मग सूत्र काय लिहावं? 'रोमच्या आगीशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो सम्राट' एवढ्यानेही उत्तर सापडतं. त्याने आपल्या आईला, अ‍ॅग्रिपिनाला, ठार करवलं, हे इतिहासाला ठाऊकच आहे. त्याला दोषी धरायला खोट्या वाद्याची गरज पडत नाही.

सूत्राच्या नेमकेपणावरून एकदा आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता, म्हटलं तरी चालेल. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत प्रवेश फी भरून खेळायच्या शब्दकोड्यांचं वेड देशभर पसरलं होतं. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातली आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड मुंबई राज्यात जोरात खपत होती. मुंबईचा १९४८ चा लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवरचा कायदा १९५२ मध्ये राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही लागू झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. अशा बक्षिसी कोड्यांतली मेख समजायला रोमचंच उदाहरण घेऊ. 'रोममधला हट्टी माणूस', दोन घरं. नीरो की केटो? दोघेही हट्टी, दोघेही बसतात. उभ्या शब्दाने सोडवणूक होत नसेल, तर आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जो जुळला तो जिंकला. याला बुद्धी म्हणायचं की नशीब?

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. मात्र ज्या स्पर्धेत यश बरंचसं कौशल्यावर ठरतं, ती या बंधनातून वेगळी काढली. त्याआधीच, १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याची एकूण बक्षिसं एक हजार रुपयांच्या आणि प्रवेशिका दोन हजारांच्या वर जाऊ नयेत असं बंधन घातलं होतं. मोठ्या रकमेचं आमिष गेलं. शब्दकोडं मात्र पैशाविनाही टिकून राहिलं, सकाळच्या चहाबरोबर पेन्सिलीने भरण्यापुरतं.

आजच्या वळणाच्या कोड्याचा जनक म्हणून आर्थर विनचं नाव घेतात. त्याचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आलं. पण आडवी-उभी अक्षरं जुळवण्याचा नाद रोमनांनाही होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईत, व्यायामशाळेच्या एका खांबावर कोरलेला पाच बाय पाचचा चौकोन १९३६ मध्ये उजेडात आला : साटोर, आरेपो, टेनेट, ओपेरा, रोटास. लॅटिन लिपीतली ही पंचवीस अक्षरं डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, कशीही वाचा, तेच पाच शब्द. यातले चार शब्द साधे लॅटिन आहेत. साटोर म्हणजे पेरणारा, रोटास म्हणजे चाकं. आरेपो मात्र लॅटिन लेखनात दुसरीकडे कुठेही भेटत नाही. पुष्कळ अभ्यासक ते त्या पेरणाऱ्याचं नाव मानतात, तर काहींच्या मते 'ओपेरा' उलटं वाचता यावं एवढ्यासाठीच ते घडवलेलं आहे.