साठीनंतरचं स्टिअरिंग

रत्नागिरीत साळवी स्टॉपहून हातखंब्याकडे जाणारा रस्ता भर दुपारी आणि आषाढातल्या संध्याकाळी सात वाजता एकच असतो. सत्तरीच्या चालकासाठी मात्र ते दोन वेगळे रस्ते असतात. त्याचं कारण अनुभवात किंवा हिमतीत नाही, ते डोळ्यात आहे.

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही. आतलं भिंग पिवळट पडतं. त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. शिवाय गढुळलेल्या भिंगात प्रकाश विखुरतो. समोरच्या ट्रकने अप्पर लाइट मारला की डोळे दिपतात आणि पुन्हा नीट दिसायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद काही दिसलं नाही, तर ३३ मीटर रस्ता न बघताच मागे पडतो. ओल्या डांबरावर दिव्यांचे झोत चमकत असतील, तर कडेने चालणारा छत्रीवाला या ३३ मीटरमध्येच असू शकतो.

यातला बराच भाग दुरुस्त होतो. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात सिंथिया ऑस्ली यांच्या गटाने मोतीबिंदू असलेल्या चालकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचं अपघातांचं प्रमाण, न करून घेतलेल्यांच्या जवळपास निम्मं निघालं. काचबिंदू मात्र कडेची नजर गुपचूप खात जातो. तो तपासणीशिवाय कळत नाही.

दुसरी अडचण अवधानाची. उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग, मागून घुसणारी दुचाकी आणि रस्ता ओलांडणारा माणूस हे सगळं एकाच वेळी तोलावं लागतं. वयानुसार हाच हिशेब मंदावतो. म्हणून ज्येष्ठांचे अपघात अतिवेगापेक्षा चौकात आणि वळणावर जास्त होतात. त्यात मान पुरती वळत नसेल किंवा सर्दीच्या गोळीने गुंगी आली असेल, तर भर पडते.

मग गाडी बंदच करावी? मुलं मुंबई-पुण्याला, घर वाडीत आणि डॉक्टर, बँक शहरात, अशा घरात किल्ली काढून घेणं म्हणजे माणसाला घरात बसवणं. गाडी सोडल्यावर ज्येष्ठांमध्ये नैराश्य वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण एसटी वाडीच्या तोंडाशी येईलच असं नाही.

परवान्याच्या नियमांनी वयाची दखल घेतली आहे. पंचावन्न ओलांडल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. अर्जातल्या घोषणापत्रात मात्र विचारलं जातं ते हे, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? रातांधळेपणाचाही प्रश्न असतो, त्याला हो-नाही उत्तर दिलं की झालं. डोळे दिपल्यावर सावरायला किती वेळ लागतो, हे कुणी मोजत नाही. म्हणजे परीक्षा उजेडातली आणि धोका अंधारातला.

ही फट घरच्यांना भरून काढता येते. दरवर्षी डोळ्यांची तपासणी, त्यात काचबिंदूचीही. डॉक्टरांना सरळ विचारायचं, "या गोळ्या घेऊन गाडी चालवली तर चालेल का?" आंबा घाट ओलांडायचा असेल तर सकाळी निघायचं. पावसात दिवेलागणीनंतरची कामं दुसऱ्या दिवसावर ढकलायची. आणि गणपतीला आलेल्या मुलांनी वडिलांच्या शेजारी बसून एक फेरी दिवसा आणि एक काळोख पडल्यावर मारायची. उजवं वळण घेताना अडखळतात का, समोरून दिवे आले की गाडी कडेला सरकते का, फाटकाला घासल्याचा नवा ओरखडा आहे का, एवढं पाहायचं. दिवसाची फेरी नीट आणि रात्रीची डळमळीत झाली, तर सोडायची आहे ती रात्र. गाडी नव्हे.