युरियाच्या गोणीमागचा हायड्रोजन

निफाडच्या कांद्याला घालतात तो युरिया हायड्रोजनशिवाय बनत नाही. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यात हा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. आधी वायूतलं गंधक काढायचं, नाहीतर उत्प्रेरक निकामी होतो. मग वायू आणि वाफ भट्टीतल्या उभ्या नळ्यांतून सोडायची. नळ्यांत निकेलयुक्त, भोकं असलेल्या सिरॅमिकच्या चकत्या भरलेल्या असतात. सुमारे ८०० अंश सेल्सियसला मिथेन फुटतो; हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. मोनॉक्साइडची पुन्हा वाफेशी गाठ घातली की आणखी हायड्रोजन. म्हणजे निम्मा हायड्रोजन चक्क पाण्यातून येतो. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

काळजी यात सोबत बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची: किलोभर हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो. त्यातला युरियात बांधला गेलेला भागही शेतात पडल्यावर हवेतच परततो.