खारी दिसतात, मग डायनासोर का नाही?

लेखमाला : शिकती शाळा – लेखांक ६

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तिसरीच्या अनेक वर्गांत विज्ञानाचा एक घटक या प्रश्नाने सुरू होतो: मला इतक्या खारी दिसतात, पण एकही स्टेगोसॉरस का सापडत नाही? फळ्यावर व्याख्या नाही, ‘अनुकूलन’ किंवा ‘परिसंस्था’ असला शब्द नाही. आठ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न खुळा वाटत नाही, ही त्याची खुबी. मोठ्यांना वाटतं, उत्तर तर साधं आहे, डायनासोर संपले. पण संपले म्हणजे नेमकं काय झालं, आणि खार आज ज्या जोरावर टिकून आहे ते तिच्याजवळ काय आहे, असं पुढे विचारलं की मोठेही घुटमळतात.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले विज्ञान-शिक्षणाचे अभ्यासक जोसेफ क्रायचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यासक्रम घडवला. मागच्या लेखांकात शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकच्या १९१८ सालच्या ‘प्रकल्प पद्धती’वरच्या निबंधाची ओळख झाली. हे त्याच घराण्यातलं पुढच्या पिढीचं काम म्हणता येईल, फक्त किलपॅट्रिकपेक्षा बरंच शिस्तशीर. मुलं वही-पेन्सिल घेऊन आवारात जातात आणि खार बघत बसतात. ती काय खाते, झाडावर कशी चढते, कशाला बिचकते, लपते कुठे, हे सगळं टिपतात. वर्गात परत आल्यावर प्रत्येकाच्या मनातले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून एका फलकावर लागतात. घटक संपेपर्यंत हा प्रश्नफलक भिंतीवरून हलत नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की वर्ग पुन्हा फलकापाशी जमतो, आणि बहुधा एका उत्तरातून दोन नवे प्रश्न निघालेले असतात.

त्यानंतर दात येतात, कवटी येते. दातांवरून प्राणी काय खात असेल, याचा अंदाज बांधायचा. खारीच्या बाबतीत तो अंदाज आवारात जाऊन पडताळता येतो. स्टेगोसॉरस मात्र साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याला कुठे जाऊन बघणार? इथे जीवाश्म, चित्रं आणि वाचन यांची गरज खरोखरच पडते. अडल्याशिवाय पुस्तक हातात द्यायचं नाही, ही या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट. वाचायचा कंटाळा करणारं पोरही स्टेगोसॉरस काय खात होता हे शोधायला पान उलटतं, कारण शेजारच्याशी लावलेली पैज अजून मिटलेली नसते. मधल्या काळात मुलं आपलं स्पष्टीकरण चित्राच्या रूपात मांडतात, नवा पुरावा हाती आला की तेच चित्र खोडून पुन्हा काढतात. पहिलं चित्र चुकलं म्हणून गुण कापले जात नाहीत.

या अभ्यासक्रमाची चाचणी ४६ शाळांत, तिसरीतल्या सुमारे २,४०० मुलांवर घेतली गेली. कोणत्या शाळेने प्रकल्पाने शिकवायचं आणि कोणत्या शाळेने नेहमीच्या पद्धतीने, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे ‘चांगल्या शाळा निवडल्या असतील’ या शंकेला जागा नव्हती. वर्षअखेरच्या विज्ञानाच्या चाचणीत प्रकल्पवाली मुलं सरासरी शेकडा आठ गुणांनी पुढे होती. वाचनात कच्च्या असलेल्या मुलांनाही हा फायदा मिळाला. प्रकल्प म्हणजे हुशार मुलांचे चोचले, असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

त्याच राज्यात दुसरीच्या मुलांवर झालेला आणखी एक प्रयोग आहे. नेल ड्यूक आणि ॲन-लीझ हाल्वर्सन या दोघी संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या २० शाळांतल्या ४८ शिक्षकांना बरोबर घेऊन तो केला. विषय होता सामाजिक शास्त्र. नागरिकशास्त्राच्या घटकात मुलांनी जवळच्या बागेची किंवा सार्वजनिक जागेची पाहणी केली, काय मोडलंय आणि काय हवंय ते ठरवलं, आणि स्थानिक प्रशासनापुढे लेखी प्रस्ताव ठेवला. सात वर्षांची मुलं नगरपालिकेला अर्ज लिहितात, हे चित्र आपल्याकडे कुणाला गमतीचं वाटेल. पण तो अर्ज कुणीतरी खरंच वाचणार आहे हे कळल्यावर शुद्धलेखनाची काळजी मुलं स्वतःच घेऊ लागतात. नेहमीच्या वर्गांच्या तुलनेत या मुलांची सामाजिक शास्त्रातली प्रगती ६३ टक्क्यांनी आणि माहितीपर वाचनातली २३ टक्क्यांनी जास्त भरली. लेखनात आणि शिकण्याच्या ओढीत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. प्रकल्पाने मुलांना शाळेची गोडी लागते, असं भाषणांतून नेहमी ऐकू येतं. मोजायला गेल्यावर हाती आलं ते वेगळंच: गोडीचा फरक दिसला नाही, ज्ञानाचा दिसला.

सगळीकडे असंच घडतं असंही नाही. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात प्रकल्पांचा मोठा प्रयोग करून पाहिला आणि त्याचा अहवाल २०१६ मध्ये काढला. मुलांच्या वाचन-लेखनात सुधारणा दिसली नाही. उलट गरीब घरांतल्या मुलांचं थोडं नुकसान झालं असावं, असं आकडे सुचवत होते. बऱ्याच शाळांनी तर प्रयोग अर्ध्यात सोडला. मिशिगनच्या दोन्ही प्रयोगांत शिक्षकांच्या हातात तासागणिक आखलेले पाठ होते आणि वर्षभर प्रशिक्षण चालू होतं. ड्यूक-हाल्वर्सन यांच्या प्रयोगात एकेका घटकाला सुमारे वीस तासिका दिल्या होत्या. ‘मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतील’ या भाबडेपणाला दोन्हीकडे थारा नव्हता.

आता महाराष्ट्रातल्या शाळेत ‘प्रकल्प’ म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? स्टेशनरीच्या दुकानात टांगलेले चित्रांचे तक्ते. प्राणी, वाहनं, राष्ट्रपुरुष, सगळं छापील. कापायचं, चिकटवायचं, खाली आईने किंवा ताईने वळणदार अक्षरात नावं घालायची. याला एकट्या शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, उपक्रम, चाचणी यांच्या बरोबरीने ‘प्रकल्प’ही बसला. हेतू चांगलाच होता. पण नोंदवहीत रकाना आला की तो भरावा लागतो, आणि रकाना भरायला तक्ता पुरतो. पुढे घरोघर इंटरनेट पोहोचल्यावर तक्त्याची जागा ‘नेटवरून काढलेल्या’ रंगीत प्रिंटने घेतली. खर्च वाढला, शिकणं होतं तिथेच राहिलं. खेदाची गोष्ट अशी की, हातांनी काम करता करता शिकण्याची कल्पना या मातीला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा पाया घातला गेला, तोही याच विचारावर.

नेटचा प्रश्न जरा बारकाईने पाहायला हवा, कारण प्राथमिक वर्गातल्या बहुतेक प्रकल्पांची गाडी तिथेच रुळावरून घसरते. इंटरनेटवर एक जुनी गमतीची साइट आहे, १९९८ पासूनची. उत्तर अमेरिकेच्या वायव्येला, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगतच्या जंगलात झाडावर राहणारा ऑक्टोपस आहे आणि तो नामशेष व्हायच्या बेतात आहे, असं तिथे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं आहे. असा प्राणी अर्थातच नाही. अमेरिकेतले संशोधक डोनाल्ड ल्यू यांनी सातवीतल्या मुलांना ही साइट दाखवली, तेव्हा जवळजवळ सगळी फसली. पुढे नेदरलँड्समध्ये अकरा-बारा वर्षांच्या २७ मुलांवर तोच प्रयोग झाला. त्यांतल्या फक्त दोघांनी थाप ओळखली. मग तिसरी-चौथीतल्या मुलाला सर्चच्या खिडकीपुढे एकटं बसवून ‘माहिती शोध’ म्हणणं याला काय म्हणावं?

मोठ्यांचीही अवस्था फार बरी नाही. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, त्याच विद्यापीठातले पंचवीस विद्यार्थी आणि दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी साइट्स तपासायला दिल्या. विद्यार्थी आणि बरेचसे प्राध्यापकही ते पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, देखणी मांडणी आणि भारदस्त नाव पाहून भुलले. तपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून दुसऱ्या टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहत. ही आडव्या वाचनाची सवय लहान मुलांनाही लावता येते, फक्त दोन प्रश्नांत: हे कुणी लिहिलंय? आणि आणखी कुणी हेच म्हणतंय का? दुसऱ्या प्रश्नासाठी स्क्रीनच हवा असंही नाही. वर्गातलं पुस्तक चालतं, शेतावरचे आजोबाही चालतात.

म्हणून पहिली ते चौथीत मोकळा सर्च नको. बाईंनी किंवा गुरुजींनी आधी चार-पाच पानं निवडून ठेवावीत आणि मुलांनी त्यांत शोधावं. मराठीत असा साठा आपण समजतो तेवढा तोकडा नाही. मराठी विश्वकोश आणि मुलांसाठीचा कुमार विश्वकोश ऑनलाइन आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी पुस्तकं आहेत. विश्वकोशातली भाषा तिसरीच्या मुलाला जड जाते, हे खरंच. तिथे शिक्षकाने नोंद वाचून सोप्या शब्दांत अर्धं पान लिहून द्यावं, खाली मूळ नोंदीचं नाव घालावं. संदर्भ द्यायची सवय तिथूनच लागते.

मोबाइलचा या वयातला खरा उपयोग शोधण्यापेक्षा टिपण्यात आहे. वर्गात बहुधा शिक्षकांचा एकच फोन असतो, तोही पुरतो. मूग भिजवल्यापासून रोज एकाच कोनातून फोटो घेतला तर आठवडाभरात कोंबाची वाढ डोळ्यांपुढे उभी राहते. स्लो मोशनमध्ये मुंगीचे पाय मोजता येतात. आवाज रेकॉर्ड करून गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करता येतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात केरळातल्या शेकडो शाळांची मुलं एकेक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं नोंदवतात. आंबा, फणस, बहावा अशी ओळखीची झाडं. त्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांच्या कामी येतात. झाड किंवा किडा ओळखायला ‘सीक’ हे ॲप बरं, कारण त्याला खातं उघडावं लागत नाही. बाकीच्या बहुतेक ठिकाणी तेरा वर्षांची अट आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो व्हॉट्सॲप गटांवर सर्रास फिरवणाऱ्या शाळांनी निदान स्वतःला आवर घालावा.

आपल्याकडचा मोठा वर्ग म्हणजे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांचा. दोन शिक्षक, चार इयत्ता. अशा शाळेला प्रकल्प झेपणार नाही, असा एक सूर लागतो. खरं तर एकच प्रश्न चारही इयत्तांना देता येणं ही तिथली सोय आहे. पहिलीने चित्र काढावं, दुसरीने मोजावं, तिसरीने लिहावं, चौथीने वाचून पडताळावं. आणि प्रश्न मिशिगनमधून उसना आणायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिसदुरा घ्या. तिथल्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात एका अजस्र शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याचं नाव ‘इसिसॉरस’. पिसदुऱ्यातच डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवले. तोपर्यंत समजूत अशी होती की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. शेणावरून प्राणी काय खातो ते ओळखणं हे विदर्भातल्या कोणत्याही गुराख्याच्या पोराला जमतं. त्या पोराच्या हातात ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध पत्रिकेपर्यंत पोहोचलेल्या संशोधनाचं टोक सहज देता येईल. आणि खारीच हव्या असतील तर भीमाशंकरच्या अभयारण्यात राज्यप्राणी शेकरू आहे. आंबेगाव-जुन्नरच्या मुलांना तो चित्रातून दाखवण्याची गरज पडू नये.

हे सगळं वर्षातून किती वेळा करायचं? प्राथमिक शाळेने एका सत्रात एक प्रकल्प नीट केला तरी पुष्कळ. सत्राअखेरीस मुलांनी आपलं म्हणणं वर्गाबाहेरच्या कुणापुढे तरी मांडावं, मग ते ग्रामपंचायतीचे सदस्य असोत, ग्रंथपाल असोत की वनरक्षक. तक्ता भिंतीला लावून प्रकल्प संपवू नये. पालकांनाही एक विनंती. मूल काही विचारत आलं तर आपल्याला ठाऊक आहे तेवढं सांगा, त्याला ते स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, आणि ‘शाळेत मागितलंय’ म्हणून रात्री नऊ वाजता प्रिंट काढायला धावू नका. शाळेने तसं मागितलंच असेल, तर दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन भेटा.