जुनी टर्बो गाडी ‘उत्तम स्थितीत’ आहे म्हणजे नक्की काय? पोर्शे ९४४ टर्बोचं उदाहरण

जर्मनीत नोकरी करणाऱ्या एका मित्राने परवा रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन जाहिराती पाठवल्या. दोन्ही पोर्शे ९४४ टर्बोच्या, दोन्ही १९८९ सालच्या. पहिली लाल, ६२ हजार किलोमीटर चाललेली, फोटोत अगदी शोरूममधून काढल्यासारखी. दुसरी १ लाख ७४ हजार किलोमीटर चाललेली, सीटचं लेदर थोडं फाटलेलं, आणि किंमत बऱ्यापैकी कमी. खाली प्रश्न: “पहिलीच घेऊ ना रे? कमी चाललीये.”

मी लगेच हो म्हटलं नाही. टर्बो गाडीच्या बाबतीत ‘कमी चालली’ आणि ‘नीट ठेवली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात गल्लत झाली तर काही वर्षांची बचत एका रविवारी सकाळी रस्त्यावर बंद पडू शकते. चला, का ते समजून घेऊ.

ही गाडी आहे तरी कोणती?

९४४ टर्बो १९८५ मध्ये आली आणि १९९१ पर्यंत बनत होती. सुमारे २५ हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्ही चाकांच्या जोड्यांवर जवळपास सारखं विभागलं जातं. इंजिन २.५ लिटरचं, पण सिलिंडर फक्त चार. सुरुवातीला ताकद २२० हॉर्सपॉवर होती. १९८९ पासून सगळ्या ९४४ टर्बोंना २५० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळालं. आजच्या हिशेबानेही ही गाडी चांगलीच वेगवान आहे.

टर्बो नेमकं काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये हा धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतात.

पण हवा दाबली की तापते. अशी गरम हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली, तर ठिणगी पडल्यावर पेट्रोल शिस्तीत न जळता मध्येच भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. म्हणून पोर्शेने दोन गोष्टी केल्या. हवा थंड करायला पुढे इंटरकूलर बसवला, आणि सिलिंडरमधला दाब मुद्दाम कमी ठेवला: ८ ला १.

याचा परिणाम ड्रायव्हरला जाणवतो. कमी फेऱ्यांवर गाडी जरा सुस्त वाटते, टर्बोने वेग घेतला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखं होतं. मधल्या या वाट बघण्याला टर्बो लॅग म्हणतात. जुन्या टर्बो गाडीत हा लॅग असणारच, तो बिघाड नाही.

खरी परीक्षा इंजिन बंद केल्यावर

टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. जोरात चालवून लगेच चावी फिरवली, तर तेलाचा पंप थांबतो पण टर्बो तापलेलाच असतो. आत अडकलेलं तेल जळतं आणि कोळशासारखा कडक थर बनतो. असं शेकडो वेळा झालं की बेअरिंग जातं.

आपल्याकडे जुन्या डिझेल गाडीचे ड्रायव्हर काका घाट चढून ढाब्यावर थांबले की इंजिन मिनिटभर चालू ठेवतात, ते याचसाठी. ९४४ टर्बोमध्ये पोर्शेने एक छोटा इलेक्ट्रिक पंप दिला. इंजिन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो. म्हणून ही गाडी बघायला गेलात तर ती चालवून आणा, बंद करा आणि कान देऊन ऐका. बॉनेटखालून बारीक घूं घूं यायला हवी. अजिबात आवाज नसेल तर पंप किंवा त्याची वायर तपासायला सांगा.

रबराला किलोमीटर कळत नाहीत

या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. त्यांची वेळ सांभाळतो रबरी टायमिंग बेल्ट. तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, आणि दुरुस्ती हजारो युरोंत जाते.

शिवाय एक दुसरा बेल्टही आहे. चार मोठे सिलिंडर थरथरतात, म्हणून पोर्शेने मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. त्यांचा बेल्ट तुटून पहिल्यात अडकला, तरी शेवट तोच.

रबर वापराने झिजतं तसं नुसतं पडून राहूनही कडक होतं. म्हणून हे बेल्ट किलोमीटरवर आणि वर्षांवरही बदलायचे असतात. जाणकार साधारण चार वर्षांचा हिशेब धरतात. आता पहिल्या गाडीकडे बघा: ३५ पेक्षा जास्त वर्षांत ६२ हजार किलोमीटर. म्हणजे ती बहुतेक वेळ उभीच होती. बेल्ट, होसपाइप, सील, टायर सगळं रबर म्हातारं झालं, मीटर मात्र तरुण राहिला.

‘चिप ट्यून केलेली’ असेल तर?

हा आमच्या क्षेत्रातला भाग. या गाडीत १९८५ मध्येच दोन कॉम्प्युटर होते. एक पेट्रोल आणि ठिणगी सांभाळतो. दुसरा सेन्सरच्या मदतीने नॉकिंग ‘ऐकतो’. धोका दिसला की ठिणगी उशिरा पाडली जाते आणि टर्बोचा दाब कमी केला जातो.

बाजारात या कॉम्प्युटरसाठी बदली चिप मिळायच्या. त्या टर्बोचा दाब वाढवतात. चांगली चिप नीट बसवली तर गाडी मजेदार होते. पण कोणी कोणती चिप बसवली, दाब किती वाढवला, याची नोंद नसेल तर ते प्रॉडक्शनमध्ये कोणी न सांगता कोड बदलल्यासारखं आहे. मूळ चिप जपून ठेवली आहे का, हे जरूर विचारा.

मीटरवर किती विश्वास ठेवायचा?

या गाड्यांच्या ओडोमीटरमधलं प्लॅस्टिकचं छोटं गिअर तुटतं, हा माहितीतला दोष आहे. मग वेग दिसत राहतो पण किलोमीटर थांबतात. म्हणून आकडा कागदाशी ताडून बघा. जर्मनीत तांत्रिक तपासणीच्या प्रत्येक अहवालावर किलोमीटर लिहिलेले असतात. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरवरून तपासणीचा इतिहास ऑनलाइन मोफत दिसतो.

विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न

- दोन्ही बेल्ट शेवटचे कधी बदलले? बिल आहे का?
- टर्बो मूळ आहे की दुरुस्त केलेला? कोणी केला?
- क्लच कधी बदलला? गिअरबॉक्स मागे असल्याने क्लचपर्यंत पोचायला बरंच काही उतरवावं लागतं, मजुरी मोठी असते.
- गाडी मी येण्याआधी सुरू करू नका, असं सांगितलं तर चालेल ना? थंड इंजिन सुरू करताना निळा धूर आला तर कुठेतरी तेल जळतंय.
- माझ्या मेकॅनिककडून सिलिंडरचा कॉम्प्रेशन टेस्ट करू द्याल का?

शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर तिथूनच परत फिरा.

मग मित्राने काय केलं?

त्याने दोघांनाही हे प्रश्न पाठवले. पहिल्या विक्रेत्याचं उत्तर आलं: बेल्ट आधीच्या मालकाने केला असावा, कागद नाही. दुसऱ्याने फाइलचे फोटो पाठवले. त्यात दोन्ही बेल्टचं तीन वर्षांपूर्वीचं बिल होतं, टर्बो दुरुस्तीचं बिल होतं, आणि दर तपासणीत किलोमीटर क्रमाने वाढलेले होते. फाटलेल्या सीटबद्दलही त्याने स्वतःहून लिहिलं होतं.

लाल गाडी वाईटच आहे असं नाही. बेल्ट, पंप, होसपाइप, टायर यांचा खर्च किमतीत धरून भाव केला तर तीही घेता येईल. पण आत्ता जी किंमत मागितली जातेय ती चमकेची आहे. मित्र शनिवारी मेकॅनिकला घेऊन दुसरी गाडी बघायला जातोय.

भारतात अशी गाडी आणणं जवळपास अशक्य आहे. वापरलेल्या गाडीच्या आयातीच्या नेहमीच्या नियमात ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. पण हा धडा इथेही उपयोगी आहे. आता आपल्याकडे सेकंडहँड बाजारात छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या भरपूर येताहेत. तिथेही आधी सर्व्हिसची बिलं मागा, मग बॉनेट उघडा, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा.